वाचला तो कोणाचा ऋणी?
एक चित्रपट, कतारचे वाळवंट आणि बिरकत हागोमेल



शिक्षकी पेशात जन्म घालवलेल्या माणसाला एक खोड जडलेली असते. तो चित्रपट पाहायला बसला तरी त्यातून धडा काढल्याशिवाय उठत नाही. आमच्या घरी यावरून आमची पुष्कळ थट्टा होते. परंतु या वेळी धडा आम्ही काढला नाही. आमच्या चौदा वर्षांच्या नातीने एक प्रश्न विचारला आणि तो आमच्या मागे लागला. त्या प्रश्नाचा जो काही अभ्यास आमच्याकडून झाला तो आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

चित्रपट होता ‘आडुजीवितम्’. भाषा मल्याळम्. नावाचा अर्थ शेळ्यांचे जिणे. बेन्यामिन या लेखकाची याच नावाची कादंबरी 2008 साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यावरून दिग्दर्शक ब्लेसी यांनी केलेला हा चित्रपट 28 मार्च 2024 रोजी पडद्यावर आला. पृथ्वीराज सुकुमारन यांनी त्यात नजीबची भूमिका केली असून संगीत ए. आर. रहमान यांचे आहे. कथेला आधार एका खऱ्या माणसाच्या आयुष्याचा आहे.

कथा थोडक्यात

नजीब हा केरळातला गरीब माणूस. नदीत बुड्या मारून वाळू काढणे हा त्याचा धंदा. चार पैसे मिळावेत म्हणून तो हकीम नावाच्या तरुणाबरोबर सौदी अरेबियात जातो. विमानतळावर त्यांना न्यायला कोणी येत नाही. अखेर एक अरब येतो आणि दोघांना आपल्या गाडीत घालून दूर वाळवंटात नेतो. तो त्यांचा खरा मालक नव्हेच. तेथे दोघांची ताटातूट होते. नजीबच्या वाट्याला येतात शेळ्या, मेंढ्या, उंट, पाण्यात बुडवून खायची वाळकी रोटी आणि मालकाचा मार. जन्मभर पाण्यात राहिलेल्या माणसाला अंग धुवायलाही पाणी मिळत नाही. अशी तीन वर्षांहून अधिक वर्षे जातात.

पुढे हकीम आणि इब्राहिम कादिरी नावाचा एक आफ्रिकी मजूर यांच्यासह तो पळ काढतो. इब्राहिमला वाळवंटाची माहिती असते. तोच या दोघांना धीर देत, वाट दाखवीत नेतो. हकीम वाटेत तहानेने तडफडून मरतो. इब्राहिमही पुढे एकाएकी दिसेनासा होतो, तो कोठे गेला ते कळत नाही. नजीब एकटा डांबरी रस्त्याला लागतो. कित्येक गाड्या न थांबता निघून जातात. मग एक थांबते. त्या अरब गृहस्थाने त्याला शहरापर्यंत आणून सोडले म्हणून तो वाचतो. नंतर तुरुंगवास आणि शेवटी मायदेश.

एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्याने नजीबला डांबून ठेवले तो आणि ज्याने गाडी थांबवली तो, दोघे एकाच देशाचे, एकच भाषा बोलणारे, एकाच दिशेला तोंड करून प्रार्थना करणारे. तेव्हा हा चित्रपट पाहून एखाद्या जातीला किंवा धर्माला नावे ठेवण्यास जागा नाही.

नातीचा प्रश्न

चित्रपट संपला तेव्हा घरात कोणी बोलेना. मग नात म्हणाली, “सबा, हकीमनेही तेफिला केली होती ना? मग तो का मेला?”

बत्तीस वर्षे आम्ही वर्गात गणित शिकवले. उत्तर येत नसेल तर फळ्याकडे तोंड करून वेळ काढता येतो हे आम्हाला ठाऊक आहे. घरात फळा नव्हता. “परमेश्वराची इच्छा,” असे म्हणून सुटता आले असते. पण ते उत्तर मुलीला दिले तर ती पुन्हा प्रश्न विचारणार नाही, आणि तिने विचारणे सोडावे अशी आमची इच्छा नव्हती. आम्ही म्हणालो, “मला सांगता येत नाही. विचार करून सांगतो.”

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या एका जुन्या मित्राला फोन केला. कारण हे वाळवंट त्याने पाहिलेले आहे.

कतारहून आलेला मित्र

हा मित्र अलिबागच्या शाळेत आमच्या बाकावर बसे. आम्ही दोघे 1975 साली दहावी झालो. तो मुरूडकडचा, कोकणी मुसलमान घरातला. शनिवारी आम्ही शाळेत नसू तेव्हा त्याच्या वहीतून गणिते उतरवून घेत असू आणि रमजानात त्याच्या वाटणीची पाण्याची घागर आम्ही उचलत असू. 1981 साली आम्ही इस्राएलात आलो, त्याच साली तो कतारला गेला. तेथे सव्वीस वर्षे नोकरी करून तो आता मुरूडला नातवंडांत रमला आहे.

आपल्या मुलांना कतार हे नाव अलीकडे बातम्यांतून कळले. आपल्या वडिलांच्या पिढीला मात्र ते मुंबईमुळे ठाऊक होते. तेल निघण्यापूर्वी कतारचे लोक समुद्रात बुड्या मारून मोती काढीत आणि आखातातल्या त्या मोत्यांची मोठी पेठ मुंबई होती. पुढे जपानी कल्चर मोती आले आणि तो धंदा बसला. 1940च्या सुमारास दुखान येथे तेल लागले, 1949 साली त्याची निर्यात सुरू झाली. 1966 सालापर्यंत तेथे आपला भारतीय रुपयाच चाले. शेवटची काही वर्षे तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या. कोकणातल्या किती घरांवर मंगलोरी कौले चढली ती या आखाती पैशांतून. बंदरे बदलली, पण पोटासाठी कोकण सोडणे हे त्यांच्याही नशिबी आले आणि आपल्याही.

मित्राने चित्रपट पाहिलेला होता. आम्ही हकीमचा विषय काढताच तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मास्तर, तुला कधी सांगितलं नाही. ह्यात्तर सालची नाही, त्र्याऐंशी सालची गोष्ट. मी पण एकदा असाच निघालो होतो.”

त्याने सांगितले ते असे. जुलै महिना. तो ज्या कंपनीत होता तिचे रस्त्याचे काम दुखानच्या बाजूला चालले होते. यंत्रसामग्रीवर राखण ठेवायची म्हणून एका गुरुवारी त्याला गाडीने तेथे नेऊन सोडले. बरोबर पाण्याचा एक कॅन आणि रोट्या. संध्याकाळी दुसरा माणूस बदली येणार होता. तो आला नाही. शुक्रवार सुट्टीचा. शनिवारीही कोणी फिरकले नाही. त्याला तेथे मुद्दाम टाकून दिले होते असे नाही. गाडीवानाला दुसऱ्या कामावर पाठवले आणि राखणदाराचे नाव कोणी कागदावर लिहिलेच नव्हते, इतकेच.

“पाणी संपलं रात्री,” तो म्हणाला. “रविवारी अंधारात निघालो, टायरच्या खुणा धरून. ऊन चढलं तसा रस्त्याकडेला सिमेंटचा मोठा पाइप पडलेला दिसला, त्यात शिरलो. आईला हाका मारल्या. अल्लाला हाक मारली. तुझ्या आईने मलिदाच्या दिवशी केलेले पोहे आठवले, खोटं नाही सांगत. मग आठवायचंही थांबलं.”

दुपारी पाण्याचा टँकर घेऊन एक बलुची ड्रायव्हर चालला होता. त्याला पाइपाच्या तोंडाशी चप्पल दिसली. त्याने गाडी थांबवली, मागे आणली आणि उतरून पाहिले. त्याने आमच्या मित्राला एकदम पाणी पिऊ दिले नाही. आधी डोक्यावर ओले फडके टाकले, मग ओठ भिजवले, मग घोट घोट पाजले. तासाभराने थर्मासच्या झाकणातून गोड चहा दिला आणि वस्तीवर आणून सोडले.

“त्याचं नाव काय?” आम्ही विचारले.

“तेच तर,” तो म्हणाला. “नाव विचारायचं राहून गेलं.”

आणि मग त्याने जे सांगितले त्यासाठी हा लेख लिहिण्याचे मनात आले. त्या दिवसानंतर, पुढे स्वतः गाडी चालवू लागल्यावर, त्याने पाण्याचे दोन कॅन गाडीत ठेवल्याशिवाय शहराबाहेर पाऊल टाकले नाही. रस्त्याकडेला माणूस दिसला की तो थांबे. “चप्पल दिसली तरी थांबायचो,” तो म्हणाला. पुढच्या वर्षांत किती जणांना पाणी दिले ते त्याने मोजले नाही. “पिक्चर तिथं संपतं रे. आपलं तिथून सुरू झालं.”

शास्त्रात काय आहे?

आता आपल्या पुस्तकांकडे वळू. तीन ठिकाणे पाहावयाची आहेत.

पहिले, बेरेशीत, अध्याय 21. हा भाग आपण रोश हाशानाच्या पहिल्या दिवशी सिनेगॉगात ऐकतो. अब्राहामाच्या घरातून निघालेली हागार आपल्या मुलासह बेएरशेवाच्या रानात भटकते. मसकेतले पाणी संपते. मुलाचे मरण पाहवत नाही म्हणून ती त्याला एका झुडपाखाली ठेवून दूर जाऊन बसते. परमेश्वर मुलाचा आवाज ऐकतो आणि हागारचे डोळे उघडतो. तिला विहीर दिसते. येथे बारकाईने वाचावे. नवी विहीर निर्माण झाली असे तेथे म्हटलेले नाही. डोळे उघडले आणि असलेली विहीर दिसली. टँकर रोजच त्या रस्त्याने जात होता. त्या दिवशी ड्रायव्हरला चप्पल दिसली.

हेही लक्षात घ्यावे की तो मुलगा इश्माएल होता, आणि वर्षातल्या इतक्या मोठ्या दिवशी आपल्याला वाचायला दिली आहे ती त्याच्या तहानेची गोष्ट.

दुसरे, मेलाखीमच्या पहिल्या भागाचा अध्याय 19. आपल्या समाजाला एलियाहू हन्नाबीविषयी सांगण्याची गरज नाही. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाचा टापा आहे, आणि नवसाच्या मलिद्याशिवाय आपले कोणतेही शुभकार्य होत नाही. पण हाच एलियाहू एकदा जीव वाचवून बेएरशेवापासून एक दिवसाच्या वाटेवर रानात गेला, एका झुडपाखाली बसला आणि आता मला मरण दे म्हणाला. इतका मोठा नबी, पण त्याचाही धीर सुटला. तेव्हा मलाखने त्याला उपदेश केला नाही किंवा तुझा विश्वास कमी पडला असेही म्हटले नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा घडा उशाशी ठेवला. तो जेवला, झोपला. मलाखने पुन्हा उठवून पुन्हा जेवू घातले, कारण पुढची वाट लांबची होती. परमेश्वराचे बोलणे त्यानंतर, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर झाले.

चित्रपटातला इब्राहिम कादिरी दिसेनासा झाला तेव्हा आमच्या सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, “हा तर आपला एलियाहू हन्नाबी.” केरळातल्या मुसलमानाच्या गोष्टीत त्यांना तो दिसला. नाव न सांगता निघून गेलेला तो बलुची ड्रायव्हर आम्हाला दुसऱ्या दिवशी तसाच दिसला. फरक इतकाच की एलियाहूसाठी आपण खुर्ची मांडून वाट पाहतो, आणि या माणसाने कोणी वाट पाहत नसताना गाडी थांबवली.

तिसरे, तहिलीमचा 107वा अध्याय. त्यात चार प्रकारचे लोक संकटातून सुटून परमेश्वराचे आभार मानतात: वाळवंटात वाट चुकलेले, कैदेत पडलेले, आजाराने मरणाच्या दाराशी गेलेले आणि समुद्राच्या तुफानात सापडलेले. यावरूनच तालमूदात, बेराखोत या भागात, सांगितले आहे की या चौघांनी आभाराची बेराखा म्हणावी. तीच आपली बिरकत हागोमेल. नजीब यांतल्या दोन प्रकारांत बसतो, वाळवंट आणि कैद.

या बेराखेच्या दोन गोष्टींकडे आपण फारसे लक्ष देत नाही. पहिली अशी की ती एकट्याने म्हणायची नसते. दहा माणसे हवीत, मिन्यान हवे, आणि ऐकणाऱ्यांनीही उत्तर द्यायचे असते. दुसरी अशी की म्हणणारा आपल्या पुण्याईचा उल्लेख करीत नाही. उलट तो परमेश्वराला, ज्यांचा हक्क नाही अशांवरही उपकार करणारा, असे म्हणतो. म्हणजे मी चांगला होतो म्हणून वाचलो असे म्हणायला या बेराखेत जागाच ठेवलेली नाही.

नातीच्या प्रश्नाला आम्हाला जे काही उत्तर सापडले ते येथे. हकीम का मेला हे आम्हाला आजही ठाऊक नाही. परंतु नजीबची तेफिला खरी आणि हकीमची खोटी, असे जो म्हणेल त्याला बिरकत हागोमेल म्हणता येणार नाही, कारण ती बेराखाच त्याला अडवील. वाचलेला माणूस हा न वाचलेल्याहून श्रेष्ठ नसतो. त्याच्याकडे काहीतरी शिल्लक राहिलेले असते, आणि ते त्याला पुढे द्यायचे असते. आमच्या मित्राने बेराखा म्हटली नाही, त्याचा धर्म वेगळा. पण दोन कॅन पाणी घेऊन तो पुढे वर्षानुवर्षे हिंडला. दहा माणसांसमोर उभे राहून म्हणायची गोष्ट त्याने रस्त्यावर केली.

थांबणे हे एकट्याचे काम नाही

येथे एक शंका येईल. एका ड्रायव्हरने गाडी थांबवावी हे ठीक, पण माणूस वाळवंटात विसरला जातो तो पद्धतीमुळे. ही शंका बरोबर आहे. आखाती देशांत परदेशी मजुराची राहण्याची परवानगी एका मालकाच्या हाती बांधलेली असे. त्यालाच कफाला म्हणतात. मालकाच्या होकाराशिवाय नोकरी बदलणे नाही, देश सोडणे नाही. मित्राचा पासपोर्टही अनेक वर्षे कंपनीच्या कपाटात होता.

कतारने यात पुढे बदल केले. 2018 साली बहुतेक कामगारांसाठी देश सोडण्याच्या परवान्याची अट गेली, 2020 साली घरकामगारांनाही ती सवलत मिळाली. त्याच वर्षी नोकरी बदलताना मालकाचे ना-हरकत पत्र आणण्याची अट उठली. मार्च 2021 पासून दरमहा 1000 रियालांचे किमान वेतन लागू झाले आणि त्याच वर्षापासून 1 जून ते 15 सप्टेंबरपर्यंत सकाळी 10 ते दुपारी 3.30 या वेळात उघड्यावर काम करून घेण्यास बंदी झाली. कायदा आणि त्याची अंमलबजावणी यांत अंतर राहते अशी तक्रार कामगारांची बाजू मांडणारे करीत आले आहेत. तरीही दुपारच्या उन्हात माणसाला उभे करू नये, एवढे जरी कागदावर आले तरी ती एक थांबलेली गाडीच आहे. आणि राखणदाराचे नाव वहीत लिहिणे हीसुद्धा.

आपल्या तोरात विश्रांतीची आज्ञा फक्त आपल्यासाठी नाही. दाराच्या आत राहणाऱ्या परक्यासाठी, नोकरासाठी आणि जनावरासाठीही आहे. आज इस्राएलात आपल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला भारतातून, नेपाळातून, फिलिपाइन्समधून माणसे आली आहेत. बांधकामावर भारतातले मजूर आहेत. कतार दूर आहे, पण त्यांतले कोणी आपल्याच मजल्यावर राहत असेल. त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय?

नवगावचा किनारा

शेवटी आपल्या घरची गोष्ट. आपल्या वाडवडिलांचे गलबत कोकण किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. नवगावला बुडालेल्यांना मूठमाती दिली तेथे आपण जातो, दोन अश्रू ढाळतो. पुढे त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. पुस्तके समुद्रात गेली होती, पण शेमा तोंडात राहिला.

ही कथा आम्ही आजवर सात जोडप्यांची म्हणूनच सांगत आलो. मित्राशी बोलल्यानंतर प्रथमच मनात आले की किनाऱ्यावर दुसरीही माणसे असतील. अंगावर ओले कपडे, तोंडी परकी भाषा, अशी चौदा माणसे वाळूत पडलेली पाहून नवगावच्या लोकांनी काय केले असेल? कोणीतरी पाणी दिले असेल. कोणीतरी प्रेते पुरायला जागा दिली. तुमचा देव कोणता, असे आधी विचारून मग पाणी दिले असते तर हा अंक वाचायला आपण नसतो. त्यांची नावे आपल्या कोणत्याही कथेत नाहीत. आपणही नाव विचारायचे विसरलो.

नातीला आम्ही हे सर्व सांगितले. तिचे समाधान झाले असे म्हणवत नाही. ती म्हणाली, “पण हकीमसाठी कोणी थांबायला हवं होतं.” आम्ही म्हणालो, होय.

शाब्बाथच्या दुपारी घरात चर्चेसाठी

1. हागारच्या कथेत विहीर आधीपासून तेथे होती असे मानले, तर चमत्कार कोणता?

2. एलियाहूला मलाखने उपदेशाआधी भाकर दिली. संकटातल्या माणसाला भेटायला जाताना आपण आधी काय नेतो?

3. बिरकत हागोमेल एकट्याने का म्हणायची नाही? ऐकणाऱ्या दहांवर तिने कोणते कर्तव्य येते?

4. आपल्या घराण्यात संकटसमयी मदत केलेल्या पण आपल्या समाजाबाहेरच्या एखाद्या माणसाची आठवण आहे काय? असल्यास त्याचे नाव मुलांना सांगावे व लिहून ठेवावे.

परमेश्वर आपणा सर्वांना वाटेवर सुखरूप ठेवो, आणि वाटेवर कोणी पडलेला दिसल्यास आपले डोळे उघडे ठेवो.

शालोम.